गोळी कोणती, किती आणि कधीपासून

फिट्सच्या गोळ्यांचा पोटातल्या बाळावर परिणाम होतो का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, कोणती गोळी? बऱ्याच जणींना नाव सांगता येत नाही. 'ती गुलाबी, सकाळ-संध्याकाळची' एवढंच. आणि सगळा फरक तर त्या नावातच असतो. 'फिट्सची औषधं' असा एकच ढीग करून जे काही सांगितलं जातं, ते कुणाला विनाकारण घाबरवतं आणि कुणाला भलत्याच वेळी निर्धास्त करतं.

माझं निदान चौदाव्या वर्षी झालं. ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा, अंगाला अचानक झटके देणारा फिट्सचा प्रकार. सकाळी उठल्या उठल्या हात असा उडायचा की टूथब्रश भिंतीवर जाऊन आदळायचा. जागरण झालं की मोठी फिट. व्हॅलप्रोएट सुरू झालं आणि सगळं थांबलं. हे मुद्दाम सांगते, कारण आता या औषधाला खलनायक करणं सोपं झालंय. माझ्या प्रकारच्या एपिलेप्सीत त्याच्याइतकं गुणकारी औषध फारसं नाही. माझी शाळा, कॉलेज, परीक्षा, सगळं त्या गोळीच्या जिवावर पार पडलं.

लग्न ठरलं तेव्हा न्यूरॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "मूल हवंसं वाटायला लागलं की आधी माझ्याकडे या. पाळी चुकल्यावर नाही, त्याच्या बऱ्याच आधी." कारण साधं आहे. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तपासणीच्या पट्टीवर दोन रेषा दिसून आपण दवाखाना गाठेपर्यंत ते काम बहुतेक उरकलेलं असतं. एरवी शंभरातल्या दोन-तीन बाळांत मोठं जन्मजात व्यंग असतं. आईला व्हॅलप्रोएट चालू असेल तर हा आकडा दहाच्या आसपास जातो. कण्याचे दोष, फाटलेलं टाळू, हृदयाचे दोष.

हे मी थोडंफार ऐकून होते. दुसरी गोष्ट मात्र मला अजिबात माहीत नव्हती. मेंदूच्या वाढीवरचा परिणाम पहिल्या तीन महिन्यांत संपत नाही, तो धोका पूर्ण गरोदरपणभर राहतो. आणि तो सोनोग्राफीत दिसत नाही. पाचव्या महिन्यातला, बाळातली व्यंगं शोधणारा ॲनोमली स्कॅन अगदी स्वच्छ येऊ शकतो आणि मूल दोन-तीन वर्षांचं झाल्यावर लक्षात येतं, की बोलणं मागे आहे, लक्ष टिकत नाही, सांगितलेलं आठवत नाही.

याबद्दलचा सगळ्यात बोलका अभ्यास 'नीड' या नावाने ओळखला जातो. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या, एकच औषध घेणाऱ्या गरोदर स्त्रियांना त्यात घेतलं आणि त्यांच्या मुलांना सहा वर्षांची होईपर्यंत तपासत राहिले. २०१३ मध्ये निकाल आला. व्हॅलप्रोएटच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९७, फिट्सच्याच इतर औषधांपैकी कार्बामॅझेपिनच्या १०५, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइनच्या १०८. डोस जितका जास्त तितका फटका मोठा. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या मोठ्या नोंदींतून दिसलं, की व्हॅलप्रोएटच्या संपर्कात आलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण ४.४ टक्के होतं, सगळ्या मुलांत मिळून १.५. पुढच्या वर्षी युरोपच्या औषध नियामकांनी सांगितलं, की अशा मुलांपैकी ३० ते ४० टक्क्यांना शाळेआधीच्या वयात विकासाची काही ना काही अडचण येऊ शकते.

नवरा इंजिनिअर. तो म्हणाला, दहा-अकरा गुणांनी असं काय बिघडतं? मॅडमनी दिलेलं उत्तर मला पटलं. ज्या मुलाचा बुद्ध्यांक एरवी १२० झाला असता त्याला कदाचित कळणारही नाही. ज्याचा ८० झाला असता, त्याची मात्र शाळाच बदलते. आणि आपलं मूल यातलं कोणतं, हे आधी कुणीच सांगू शकत नाही.

मग औषध बदलणं. एक गोळी बंद, दुसरी चालू, इतकं ते सोपं नसतं. लॅमोट्रिजिन मुंगीच्या पावलांनी वाढवावं लागतं, नाहीतर अंगावर पुरळ येऊन प्रकरण गंभीर होऊ शकतं. त्यात व्हॅलप्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी जवळजवळ दुप्पट होते, म्हणून सुरुवात आणखी कमी डोसने. एवढं करून माझे सकाळचे झटके परत आले. काहींना लॅमोट्रिजिनने हे झटके वाढतात, त्यातली मी एक. मग लेव्हेटिरासिटॅम हे फिट्सचं आणखी एक औषध जोडलं. झटके गेले, पण मी अशी काही चिडचिडी झाले की नवरा खोलीत यायच्या आधी दारातून अंदाज घ्यायचा. शेवटी दोन्हींचा मध्यम डोस जमला. फॉलिक ॲसिड तर केव्हाच सुरू केलं होतं. 'नीड'मध्येच दिसलं होतं, की गर्भधारणेच्या सुमारास ते घेणाऱ्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरीने जास्त होता, १०८ विरुद्ध १०१.

दिवस गेल्यावर एका मावससासूबाईंनी प्रेमाने सुचवलं, "नऊ महिने गोळ्या बंदच ठेव ना, बाळासाठी." या वाक्याची मला व्हॅलप्रोएटपेक्षा जास्त भीती वाटते. मोठी फिट आली की आईचा ऑक्सिजन खाली जातो, बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात, आई कुठेही पडते. ब्रिटनमधल्या मातामृत्यूंच्या अहवालांत एपिलेप्सी असलेल्या स्त्रियांचे अचानक झालेले मृत्यू पुन्हा पुन्हा नोंदवले गेले आहेत. घाबरून स्वतःच गोळी बंद करणं हा सगळ्यात वाईट पर्याय, मग ती गोळी व्हॅलप्रोएट का असेना. नकळत दिवस गेले असतील तरी गोळी चालू ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

गरोदरपणात माझा डोस कमी न होता वाढत गेला, आणि घरात चेहरे पडले. यात आजार बळावण्याचा काही संबंध नव्हता. इस्ट्रोजेन वाढलं की शरीर लॅमोट्रिजिन झपाट्याने बाहेर टाकतं, काही जणींची पातळी निम्म्याहून खाली येते. लेव्हेटिरासिटॅमचीही घसरते. म्हणून रक्त तपासत राहायचं आणि पातळी जुन्या जागी ठेवायची. बाळंतपणानंतर उलटं होतं. डोस वेळेत खाली आणला नाही तर चक्कर, एकाच्या दोन वस्तू दिसणं, आणि कडेवर तर तान्हं मूल. उतरवायचा तक्ता आधीच लिहून घेतला होता, त्याचा फार उपयोग झाला. अंगावर पाजलंसुद्धा. 'नीड'मधल्या अंगावर प्यायलेल्या मुलांत सहाव्या वर्षी काही नुकसान दिसलं नव्हतं, उलट गुण थोडे जास्तच होते.

आता लेकीबद्दल. ती उशिरा बोलली. दीड वर्षाची झाली तरी मोजके शब्द, तेही घरच्यांनाच कळणारे. दुसरी आई म्हणाली असती, बोलेल गं. मी मात्र तिच्या प्रत्येक न उच्चारलेल्या शब्दात गोळी शोधत होते. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅमबद्दलची माहिती दिलासा देणारी आहे. 'मोनीड' या पुढच्या अभ्यासात एपिलेप्सी असलेल्या बहुतेक जणी हीच औषधं घेत होत्या, आणि त्यांची मुलं दोन-तीन वर्षांची असताना भाषेत इतर आयांच्या मुलांपेक्षा मागे आढळली नाहीत. हे मला पाठ होतं. तरी रात्री झोप नसायची. सरासरी आकडा आणि समोर बसून नुसतं बोट दाखवणारं आपलं मूल, यांचं एकमेकांशी जमत नाही.

आम्ही वाट न बघता कान तपासले, विकासाची चाचणी केली, स्पीच थेरपी लावली. अडीचच्या आगेमागे ती बोलायला लागली आणि आता पाचव्या वर्षी थांबत नाही. उशीर गोळीमुळे होता का? डॉक्टर म्हणाल्या, एकेका मुलाबाबत ते कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही, आणि सांगता आलं तरी थेरपी हीच राहिली असती. दुसऱ्या वाक्याने मला बरं वाटलं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझी भाची. पंधरा वर्षांची, माझ्यासारखेच सकाळचे झटके. या एपिलेप्सीत आनुवंशिकतेचा भाग असतो, त्यामुळे भावाने पहिला फोन मलाच केला. तिला काय द्यायचं हे तिचे डॉक्टर ठरवतील. पण मी वहिनीला सांगितलं, की पुढे मूल हवं असेल तर या औषधाचं काय, हे पहिल्याच भेटीत विचार, आणि भाचीसमोर विचार. वहिनी म्हणाली, "अगं, पंधरा वर्षांची आहे ती!" मग? गोळी तिचीच आहे. आणि मायग्रेनसाठी तिच्या मैत्रिणीला चालू असलेलं टोपिरामेट हे फिट्सवरही दिलं जाणारं औषधसुद्धा याच प्रश्नाच्या टप्प्यात येतं. २०२२ च्या नॉर्डिक देशांतल्या अभ्यासात त्याचाही ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेशी संबंध दिसला, आणि ब्रिटनने २०२४ मध्ये त्यावर गर्भधारणा टाळण्याचे कडक नियम आणले. वहिनीने वहीत तीन प्रश्न उतरवून घेतले. चौथा भाचीने स्वतः घातला: जागरण करून अभ्यास करायचा नाही, हे परीक्षेच्या आधी आईला कोण सांगणार?