आवाज खरा, साल खोटं

जांभळी नाक्याजवळच्या एका जुन्या सराफी घरात आम्ही नाण्यांच्या डिजिटल संग्रहासाठी ध्वनिमुद्रण करत होतो. या कामाला दोन अंगं आहेत. नाण्याचं वजन, माप आणि फोटो घ्यायचे, आणि ते ज्यांच्या हातून गेलं त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपायच्या. त्या दिवशी एकाच रुपयाबद्दल या दोन नोंदी उलट बोलल्या, आणि दोन्ही बरोबर निघाल्या.

ठाण्यात बाजाराच्या मध्यात मुलाखत घ्यायची तर दुपारी दोन ते चार हीच वेळ. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, खिडकीला जाड चादर. सुरुवातीला अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही, नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा. पुढे संपादन करताना तो लागतो. मोबाईलवर हे काम करू नये. आवाज स्वच्छ करणारी त्यातली यंत्रणा नाण्याची रेंगाळणारी झणझण ‘गोंगाट’ समजून कापून टाकते आणि मागे उरतो नुसता ‘टक्’. आम्ही साधा रेकॉर्डर वापरतो. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल. आवाजाची पातळी हाताने लावलेली, बोलणं शिखराला उणे 12 डेसिबलच्या आसपास. नाणं वाजवताना पातळी आणखी खाली घ्यावी लागते, नाहीतर पहिलाच ठोका फाटतो.

ज्यांच्या आठवणी टिपायच्या होत्या ते या घरातले काका पंच्याऐंशीच्या पुढचे. त्यांच्यासमोर ताटलीत रुपये ठेवले, पण साल किंवा छाप यांबद्दल आम्ही चकार शब्द काढला नाही. ‘हा लढाईतला ना, काका?’ असं विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि नोंद वाया जाते. प्रश्न एवढाच होता: ‘काका, हे तुम्ही कसे पारखायचे?’ त्यांनी एकेक रुपया बोटाच्या टोकावर तोलला, दुसऱ्या रुपयाच्या कडेने हलकेच टिचकी दिली आणि दोन ढीग केले. ‘हे जुन्या चांदीचे. हे लढाईचे, यांच्यात दम नाही.’

तराजूने त्यांना दुजोरा दिला. जुना आणि लढाईतला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, दोन्ही रुपये 11.66 ग्रॅमचे, दोन्हींचा व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. म्हणजे नुसतं वजन करून काही कळत नाही. जुन्यात चांदी 91.7 टक्के. 1940 पासून ती 50 टक्क्यांवर आली, बाकी 40 टक्के तांबं आणि 5-5 टक्के निकेल व जस्त. फरक कळतो तो पाण्यात तोलल्यावर, कारण चांदी कमी असलेलं नाणं तेवढ्याच वजनात थोडी जास्त जागा घेतं. 0.01 ग्रॅमच्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि बारीक दोऱ्याने नाणं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लोंबकळत धरायचं. जुन्या रुपयाला काटा 1.13 ग्रॅमच्या जवळ दाखवतो, 50 टक्केवाल्याला 1.22 च्या जवळ. नाण्याला एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा वाढतो आणि चांगलं नाणं कमी चांदीचं ठरतं. म्हणून आधी ते पाण्यात हळूच हलवून घ्यायचं. नंतर मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही.

मग तो रुपया आला. ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जचा, साल 1939, कडेला साधे उभे दाते. घरात त्याचा वेगळा मान होता, कारण 1939 चा रुपया फार दुर्मिळ आणि त्याला लाखांतली किंमत सांगितली जाते. काकांनी वाजवला आणि म्हणाले, ‘एकदम खरा.’ पाण्यातला आकडा 1.13. साच्यात ओतून केलेल्या नकली नाण्याच्या कडेला असतो तसा सांधाही नाही.

भिंगाने मात्र वेगळंच दाखवलं. दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीला आणून तिरपा उजेड टाकला, तेव्हा शेवटच्या 9 च्या खालच्या डाव्या बाजूला एक उथळ खळगा दिसला. आजूबाजूच्या जमिनीवर जुनी करडी छटा होती, तेवढाच ठिपका चकचकीत, त्यात समांतर बारीक ओरखडे. 1938 च्या 8 चं खालचं वेटोळं डावीकडून कोरून काढलं की 9 उरतो. रुपया टांकसाळीतलाच, चांदीही पुरी. खोटा होता तो एक आकडा. वरून पडणाऱ्या उजेडात घेतलेल्या फोटोत हे मुळीच दिसत नव्हतं. म्हणून संशयास्पद आकड्याचा फोटो दोन्ही उजेडांत, मिलिमीटरच्या पट्टीसह घ्यायलाच हवा.

आता नोंद कशी करायची? ‘माहिती देणाऱ्याची चूक’ असं लिहिणं साफ गैर ठरलं असतं. काकांचा कान धातू ओळखतो, साल वाचत नाही, आणि धातूबद्दल ते शंभर टक्के बरोबर होते. आमच्या तक्त्यात ‘अस्सल की नकली’ असा एकच रकाना होता. तो मोडून धातू, ठसा आणि साल असे तीन केले. ध्वनिफितीतल्या त्या ठोक्याची वेळ धातूच्या रकान्याला जोडली, भिंगाचा फोटो सालाच्या. कान सगळीकडे चालतो असंही नाही. आतून पापुद्रा सुटलेलं अस्सल नाणंही बद्द वाजतं, आणि फरशीवर टाकून आवाज ऐकण्याच्या नादात चांगल्या नाण्याची कड चेपते.

आठवणींनाही अशीच चाळणी लागते. राणीछाप रुपये वितळवायला दुकानात रांग लागायची, असं काकांनी रंगवून सांगितलं. जुने चांदीचे रुपये सरकारने 1941 ते 1943 च्या सुमारास चलनातून काढले, तेव्हा काका अगदी लहान. विचारल्यावर म्हणाले, ‘वडील सांगायचे.’ त्यामुळे त्या भागावर ‘ऐकीव’ अशी खूण पडली, टिचकीच्या भागावर ‘स्वतः केलेलं’. ऐकीव म्हणून ते कमी मोलाचं नाही, पण पुढच्या अभ्यासकाला हा भेद दिसला पाहिजे.

संमतीपत्रात आम्ही तीन सह्या वेगवेगळ्या घेतो: मुद्रणासाठी, लिखित प्रत खुली करण्यासाठी आणि नाव जाहीर करण्यासाठी. काकांनी तिसरी दिली नाही. घरात चांदी आहे म्हटल्यावर ते शहाणपणाचंच. फोटोंतून ठिकाणाची माहितीही पुसली, कारण मोबाईलचा फोटो घराचा पत्ता सोबत घेऊन फिरतो. फाइलींच्या तीन प्रती केल्या, त्यातली एक ऐरोलीला. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर सगळं एकाच तळमजल्यावर ठेवायची कुणाची हिंमत होत नाही.

रुपया ज्या प्लास्टिकच्या पाकिटात होता ते पीव्हीसीचं, आतून चिकट हिरवट झालेलं. ठाण्याच्या दमट हवेत हे हमखास होतं. नाणं मायलारच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या, पाकिटात हलवलं. जुन्या पाकिटातली ‘1939, अस्सल’ लिहिलेली चिठ्ठी मात्र टाकली नाही. तिचाही फोटो काढून त्याच क्रमांकाखाली ठेवला. तीही त्या नाण्याच्या इतिहासाचाच भाग आहे. काकांच्या मुलाने शेवटी किंमत विचारली. आम्ही किंमत लावत नाही, पण साल बदललेलं आहे हे सांगितल्याशिवाय तो रुपया विकता येणार नाही, एवढं त्याला स्पष्ट सांगितलं.