जपानच्या गावजत्रेत परक्याला घेतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नागोयात राहते म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच: गावाकडच्या मात्सुरीत, म्हणजे जत्रेत, आपल्याला घेतात, की कडेला उभं राहून फोटोच काढायचे?

गाव कुठलं त्यावर आहे. नागानो प्रांतातल्या नोझावा ओन्सेन गावात १५ जानेवारीला अग्नि-उत्सव असतो. गावातले ४२ वर्षांचे पुरुष उत्सवापुरत्या उभारलेल्या लाकडी देवळाच्या माथ्यावर बसतात, २५ वर्षांचे पायथ्याशी पहारा देतात आणि बाकीचे पेटत्या मशाली घेऊन त्यांच्यावर चालून येतात. ही दोन्ही वयं तिकडे पुरुषांना वाईट मानतात. शेवटी ते देऊळच जाळून टाकतात. त्यात आपलं काय काम? ज्यांची इडापिडा त्यांनीच जाळावी. आपण बर्फात उभं राहायचं, कुणी साके पुढे केली तर घ्यायची आणि ठिणग्यांपासून जॅकेट सांभाळायचं. ‘मलाही मशाल द्या’ म्हणून गळ घालणारे प्रवासी पाहिले की मला कानकोंडं होतं.

पण नाचायचंच असेल तर गिफू प्रांतातलं गुजो हाचिमान हे गाव. नागोयाहून बसने दीडेक तास. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीसेक रात्री इथे नाच असतो, कधी या आळीत तर कधी त्या. १३ ते १६ ऑगस्ट, म्हणजे ओबोनच्या दिवसांत, पहाटेपर्यंत. ओबोन म्हणजे त्यांचा पितृपंधरवडाच. आपल्याकडे त्या दिवसांत सनई वाजवायची चोरी. इथे पूर्वज घरी आलेत म्हणून रात्रभर नाचतात.

मधोमध लाकडी मांडव, त्यात गाणारे आणि ढोल, बासरी, शामिसेन वाजवणारे. भोवती माणसांची रांग सरकत असते. दोघांमध्ये हातभर जागा दिसली की शिरायचं. ‘या, या’ कुणी करत नाही, वळूनही बघत नाही. मला तेच आवडतं. परकी म्हणून इथे जी सरबराई होते, तिचाच कधीकधी शीण येतो. गुजोच्या गोलात मी फक्त पुढच्या आजींच्या मागची बाई असते.

त्या आजींच्या पायांकडेच बघायचं. एकूण दहा नाच आहेत. ‘कावासाकी’ संथ, हात वर नेऊन चंद्राकडे बघितल्यासारखे. ‘हारुकोमा’त मात्र घोड्याचा लगाम धरल्यासारखे हात आणि पाय आपटणं. शेकडो गेता, म्हणजे लाकडी चपला, एकाच ठेक्यावर डांबरावर पडतात, तेव्हा ढोल नसता तरी चाललं असतं. एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) सरदाराने सामुराई, शेतकरी, व्यापारी अशा सगळ्यांनी एकत्र यावं म्हणून या नाचाला उत्तेजन दिलं, असं तिथे सांगतात. २०२२ साली युनेस्कोच्या यादीत जपानमधले असे बरेच लोकनाच एकत्र गेले, त्यात हाही आहे. दर रात्री एका ठरलेल्या नाचात चांगल्या नाचणाऱ्यांना हेरून प्रमाणपत्रही देतात.

दिवसा गाव बघा. किल्ला ठीक आहे. त्यापेक्षा सोगीसुई नावाचा झरा बघा. पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं: पहिल्या कप्प्यात प्यायचं, पुढे तांदूळ-भाजी धुवायची, त्याच्याही पुढे भांडी भिजवायची. वरच्या कप्प्यात हात बुडवू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

शाकाहाऱ्यांची पंचाईत होते, कारण रश्शात माशाचं पाणी असतंच. हॉटेलांच्या काचेत दिसतात ते खोटे पदार्थ बनवण्यासाठी हे गाव प्रसिद्ध. शंभर टक्के शाकाहारी तेवढेच. भाताचा गोळा काडीवर भाजून वर अक्रोड-सोयाचा लेप दिलेली गोहेइ मोची बहुतेकदा चालते, तरी विचारून घ्या.

ओबोनच्या रात्री गावात खोली मिळणं कठीण, त्यामुळे बरेचजण पहाटेपर्यंत नाचून सकाळच्या बसने परततात. युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, नसली तरी अडत नाही. गेता मात्र घ्याच, आणि पट्टा दुकानातच पायावर बसवून घ्या. तरी अंगठ्याजवळ सोलवटतंच. पिशवीत बँडेड असू द्या.