दुसऱ्याची कुरकुर

रविवार, रात्र. छत्रपती संभाजीनगर.

धाकट्याने माझी जुनी स्कोडा लावली आणि किल्ली देता देता विचारलं, "दादा, घाटात दुसरा गिअर टाकताना कर्र करती ती. तुला चालतं तसं?" एवढं बोलून तो जेवला आणि झोपलासुद्धा.

माझ्या हातात ती कर्र करत नाही. खरं तर करतच असणार, पण हाताने काहीतरी करून ते झाकलंय आणि मला पत्ता नाही. वाड्याच्या जिन्यातली मोडकी पायरी आपला पाय न बघता टाळतो आणि पाहुणा नेमका तिच्यावरच अडखळतो, तसं झालं. हे हाताने कधी शिकून घेतलं? तेच खुपतंय. आवाजाचं म्हणाल तर बावीसेक वर्षांच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला तो यायचाच.

तरी दुसऱ्या गिअरवर आळ घेण्याआधी बाकीचे संशयित तपासावेत. न्यूट्रलमध्ये, क्लच मोकळा असताना घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाचा फेर बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं बेअरिंग. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. सगळेच गिअर जड पडतात, पण इंजिन बंद करून टाकले की लोण्यासारखे पडतात, तर बॉक्स निर्दोष असून क्लच पुरता सुटत नाहीये. मग आधी हायड्रॉलिक बघायचं. या गाडीत क्लचचं तेल ब्रेकच्याच टाकीतून येतं, डॉट ४, दोन वर्षांनी बदलायचं. ब्रेकसाठी ते बदलताना क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरची (तेलाच्या दाबाने क्लच ढकलणाऱ्या नळकांड्याची) ब्लीडिंग, म्हणजे आतलं जुनं तेल आणि हवा काढणं, पुष्कळदा राहून जाते. गिअर पडतो पण लिव्हर खिचडीत चमचा फिरवल्यासारखा सैल वाटतो... नको, उपमा एक पुरे. लिव्हर सैल, तर बॉक्सवरच्या टॉवरवर, जिथे लिव्हरच्या केबल येऊन लागतात तिथे, केबलच्या टोकांची प्लॅस्टिकची बुशं झिजलेली. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटून बाहेर येत असेल तर गोष्ट गंभीर. डॉग दातांची (गिअर जागेवर अडकवणाऱ्या दातांची) धार गेली, गिअर सरकवणारा फोर्क झिजला किंवा इंजिनचं खालचं माउंटिंग फाटलं, यातलं काहीतरी.

आपल्याकडे यातलं काही नाही. फक्त दुसरा, तोही तिसऱ्यातून खाली येताना, इंजिन तापलेलं असतानाही. म्हणजे सिंक्रो रिंग, गिअर अडकण्याआधी वेग जुळवणारी. डिसेंबरात परभणीकडे पारा दहाच्या खाली गेला की सकाळी पहिले दोन-चार किलोमीटर गिअर कुरकुरतात, ते निराळं. तो तेलाच्या घट्टपणाचा दोष, आणि तो तापल्यावर जातो.

दुसराच का, हे आकड्यांत दिसतं. दुसऱ्याचं प्रमाण (गिअर रेशो) १.९ च्या आसपास, तिसऱ्याचं १.३. तिसऱ्यात ३००० आरपीएमवर असताना दुसरा टाकला, तर इनपुट शाफ्टला ४४०० च्या घरात जावं लागतं. शाफ्टबरोबर क्लच प्लेटही फिरते. हा सगळा लवाजमा १४०० ने पळवायचं काम ती पितळी रिंग एकटी करते, निव्वळ घर्षणावर. वर जाताना पहिल्यात ६००० पर्यंत खेचून दुसरा टाकला, तर तेच वजन अडीच हजाराने खाली ओढायचं. चौथ्या-पाचव्याच्या रिंगेला एवढं ओझं कधीच येत नाही. औट्रम घाटात प्रत्येक वळणाला तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं, त्यामुळे धाकट्याला तो आवाज तिथेच ऐकू आला यात नवल नाही.

रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. गिअरच्या कोनावरचा तेलाचा पापुद्रा ते कापतात, म्हणून रिंग कोनाला चिकटते. वेग जुळेपर्यंत ती स्लीव्हला, म्हणजे सरकून गिअरला पकडणाऱ्या कड्याला, पुढे जाऊ देत नाही. आटे घासून सपाट झाले की पापुद्रा कापला जात नाही, रिंग नुसती घसरते, स्लीव्ह तिला ओलांडून जाते आणि फिरत्या दातांवर आदळते. तीच कर्र. प्रत्येक कर्रबरोबर दुसऱ्या गिअरच्या डॉग दातांचं टोक थोडंथोडं बोथट होतं. रिंग काही हजारांत येते. बोथट दातांचा गिअर काही हजारांत येत नाही. इथे मला झोप लागत नाही.

आता हाताकडे येतो. आधी वाटलं, हात न्यूट्रलपाशी क्षणभर थांबत असेल. पण खाली येताना ते उलट पडतं. क्लच दाबून न्यूट्रलमध्ये थांबलं की इनपुट शाफ्ट आणखी मंदावतो आणि अंतर वाढतं. वर जाताना थांबणं उपयोगी, खाली येताना मुळीच नाही. मग हात काय करतो? मघाशी गल्लीत जाऊन बघून आलो. तो लिव्हर दुसऱ्याच्या तोंडाशी नेऊन दोन बोटांनी हलकाच टेकवून ठेवतो, ढकलत नाही. झिजलेल्या रिंगेला तेल बाजूला सारायला लागणारा वेळ तो देतो, आणि मग लिव्हर आपसूक आत जातो. शिवाय पाय आधीच ब्रेकवर जास्त रेंगाळतो. तिसऱ्यात २००० पर्यंत उतरलं की फरक ९०० चाच राहतो. म्हणजे हात आणि पाय दोघांनी मिळून, मला न विचारता, १५० पीएसची टर्बो गाडी एखाद्या पेन्शनरच्या चालीवर आणून ठेवलीय. आणि मी मात्र सगळ्यांना सांगत फिरतो की बॉक्स अजून मस्त आहे.

मामा तर कधीचे मागे लागलेत, "इकून टाक की बाबा. कामून जीव लावून बसलास त्या डब्याला?" त्यांना उत्तर देणं मी सोडलंय. आण्णा असते तर... असो. या पट्ट्यात ही गाडी ठेवणं म्हणजे एकट्याने उपास धरण्यातला प्रकार. गाडीची जुळणी शेंद्र्याच्या कारखान्यात झालेली, जालना रोडने अर्ध्या तासावर, पण इतक्या जुन्या बॉक्सच्या रिंगा तिथे कुणी जपून ठेवलेल्या नसणार, आणि ठेवाव्यात अशी अपेक्षाही नाही. पार्ट नंबर शोधायचा, बाहेरून मागवायचा, कस्टम्सचं भरायचं, आणि आल्यावर कळायचं की बॉक्सचा कोड वेगळा होता. बॉक्सच्या घरावर कोरलेली तीन अक्षरं वाचल्याशिवाय एकही रिंग मागवायची नाही, हे भिंतीवर लिहून ठेवावं. ०२ जे हे या बॉक्सच्या घराण्याचं नाव, पण सगळे ०२ जे म्हणजे एकच बॉक्स नव्हे.

आमच्या मेकॅनिक उस्तादांना फोन केला होता. त्यांचं म्हणणं ठरलेलं, "जाती ना अंदर? फिर नक्को खोलो." त्यांची भीती खोटी नाही. उघडलेला बॉक्स आधीपेक्षा वाईट होऊन बंद झालेला त्यांनी पुष्कळदा पाहिलाय. पण न उघडण्याचंही भाडं द्यावं लागतं. ते दाताच्या टोकांनी द्यायचं.

न उघडता करता येण्यासारखं एकच, तेल. ते आधी करणारच. साधारण दोन लिटर, ७५डब्ल्यू-९०, आणि डब्यावर जीएल-४ ही गिअर ऑइलची प्रत लिहिलेली हवी. दुकानदार जीएल-५ पुढे करतो, "साहेब, पाच म्हणजे चारच्या पुढचं." डिफरन्शियलसाठी असेल. त्यात गंधक-फॉस्फरसचं औषध जास्त असतं, ते काही तेलांत पितळ खातं, आणि त्याच्या निसरडेपणामुळे रिंग पकडत नाही. तोच नियम बाटलीतल्या मॉलीला, म्हणजे तेलात घालायच्या निसरड्या पुडीला. रिंगेला घर्षण हवंय आणि आपण तेच काढून घ्यायचं, हे कसलं औषध? १४० ग्रेडचं जाड तेल घातलं तर आवाज दबतो, पण हा गाडी विकणाऱ्याचा इलाज. ठेवणाऱ्याने करायचा नाही.

काढताना आधी भरायचा बोल्ट सोडायचा, मग खालचा. दोन्हीला १७ ची षटकोनी चावी. खालचा आधी काढला आणि वरचा जाम निघाला, तर गाडी रिकाम्या बॉक्सने जागेवर उभी. आपल्या काळ्या मातीने बोल्टाचं तोंड भरलेलं असतं, वाळून दगड झालेलं. ते पोखरून चावी तळापर्यंत बसल्याशिवाय जोर लावायचा नाही. तेल गरम असताना पांढऱ्या घमेल्यात काढायचं आणि त्यात चुंबक फिरवायचं. चुंबकाला राखाडी लेप लागला तर तो वयाचा. न चिकटणारी सोनेरी झाक तरंगली तर ती रिंग. चुंबकाला तुकडा चिकटून आला तर त्या दिवशी गाडी हलवायची नाही.

आता दोन बोटांवर परत. हात एवढा हुशार असेल तर त्याला नीट तरी शिकवावं. मी आणि धाकटा दोघेही हील-अँड-टोवर खूश. ब्रेक दाबून टाचेने रेस द्यायची, गाडी गुरगुरते, शेजारी बसलेला वा म्हणतो. रिंगेला त्यातून काडीचा फायदा नाही! क्लच दाबलेला असताना रेस दिली की इंजिन वर जातं, इनपुट शाफ्ट सुटलेलाच असतो. क्लच सोडताना धक्का बसत नाही, एवढाच लाभ, आणि तो क्लचचा. रिंगेची सगळी हमाली तशीच राहते. तिला वाचवायचं तर जुने ट्रकवाले करायचे तेच करावं लागतं. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, न्यूट्रलमध्येच ४४०० च्या थोडं वर रेस, पुन्हा क्लच, लगेच दुसरा. मधे क्लच सोडल्यामुळे इंजिन शाफ्टला स्वतः पळवून आणतं आणि रिंगेला फक्त उरलासुरला फरक मिटवावा लागतो. नीट जमलं तर झिजलेल्या रिंगेवरही दुसरा असा जातो की बाहेरच्याला शंका येऊ नये. आणि लिव्हरवर हात ठेवून गाडी चालवायची नाही. त्या वजनाने फोर्क स्लीव्हवर घासत राहतो.

म्हणजे हसावं की काय कळेना. मोठी गाडी घेतली आणि शेवटी जुन्या मालट्रकची विद्या शिकायची. बरं, शिकतो. दिवाळीपर्यंत एवढ्यावर काढता येईल.

दिवाळीनंतर मात्र बॉक्स उतरवायचा, हे आज लिहितोय म्हणजे ठरलं. बॅटरी आणि ट्रे, एअरबॉक्स, केबलांचा ब्रॅकेट, स्टार्टर, स्पीड सेन्सर. स्लेव्ह सिलिंडर पाइपासकट बाजूला बांधायचा आणि मग कुणीही सवयीने क्लचचं पेडल दाबायचं नाही, नाहीतर पिस्टन बाहेर. ड्राइव्हशाफ्टच्या बोल्टांना बारा टोकांचा बिट लागतो. तो हातोडीने ठोकून बसवायचा. इंजिन वरून पेललेलं हवं.

उघडल्यावर पहिलं माप रिंग कोनावर दाबून. रिंग आणि गिअरचे दात यांच्यातल्या फटीत तीन जागी फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालायचा. नव्या रिंगेला एक मिलिमीटरच्या वर फट मिळते. अर्ध्याच्या आसपास आली की रिंग संपली. नेमकी मर्यादा त्या बॉक्सच्या मॅन्युअलमधून घ्यायची. मग भिंगातून डॉग दात. टोकं शाबूत असतील तर रिंग, पट्ट्या आणि स्प्रिंगा. गोल झालेली असतील तर गिअर आणि स्लीव्हसुद्धा. नुसती नवी रिंग घातली तर काही महिन्यांत पुन्हा हीच रोजनिशी. स्लीव्ह ज्यावर सरकते तो हब बसवताना १२० अंशांपर्यंत तापवायचा, थंडा ठोकायचा नाही, आणि त्याची बाजू आधी रंगाने खुणावून ठेवायची.

टेपर बेअरिंग बदलली तर शिम, म्हणजे बेअरिंगचा ताण ठरवणाऱ्या पातळ चकत्या, पुन्हा मोजावे लागतात. बॉक्स उघडून बिघडतात ते इथेच. जुने शिम जसेच्या तसे घातले की एक तर गरगर, नाहीतर बेअरिंग जळतं. वाळूजला डायल गेज आणि प्रेस असलेली वर्कशॉपं भरपूर. प्रश्न फक्त मोजायचं काय ते सांगणाऱ्याचा. आणि बॉक्स खाली आहेच तर डिफरन्शियलचे रिव्हेटही. या बॉक्समध्ये मोठी चक्री रिव्हेटांनी धरलेली असते. एक चाक घसरत जोरात उठवली की ते सैल होतात, आणि डोकं तुटून उडालं तर केसिंगला भोक. ड्रिल करून काढायचे, जागी हाय-टेन्साइल बोल्ट.

क्लच किट, ड्युअल-मास फ्लायव्हील, मागचं ऑइल सील ही यादी वेगळ्या पानावर. तिची बेरीज अजून केलेली नाही, आणि घरात सांगायची तर अर्धीच सांगेन.

नव्या रिंगा बसल्यावर पहिले हजार किलोमीटर घाईने गिअर टाकायचा नाही, रिंग कोनावर बसेपर्यंत. मग ते तेल काढून नवं. धाकट्याला तोवर किल्ली नाही. त्याला हे सकाळी सांगतो.