न्यूक्वेला सर्फिंग शिकताना: आधी भरतीची वेळ, मग बोर्ड

ब्रिस्टलमधील पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे वर्ष संपत आले होते, डिझर्टेशन सादर करून झाले होते आणि त्यानंतरचा पहिलाच शनिवार-रविवार आम्ही चौघांनी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधील न्यूक्वे या गावासाठी राखून ठेवला होता. तो शनिवार, ६ सप्टेंबर २०२५, म्हणजे अनंत चतुर्दशी, हे तिकिटे काढून झाल्यावर लक्षात आले. मिरजेत स्वागतकमानींखालून मिरवणुका निघतील त्या दिवशी आपण अटलांटिकच्या पाण्यात असू, याची थोडी रुखरुख वाटली. पण तिथीचा आणि समुद्राचा संबंध या सहलीत इतका उपयोगी पडला की त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

प्रवासाबद्दल थोडक्यात. ब्रिस्टल टेम्पल मीड्सहून मुख्य मार्गाने पार या स्थानकापर्यंत जावे आणि तेथे न्यूक्वेची छोटी गाडी पकडावी. एकूण चार तासांच्या आसपास लागतात. जाताना डावीकडची खिडकी मिळवावी, कारण डॉलिश येथे रूळ अक्षरशः समुद्राच्या भिंतीवरून जातात. याच भिंतीचा एक भाग २०१४ च्या वादळात वाहून गेला होता. सॉल्टॅशचा ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेला १८५९ चा पूल ओलांडला की कॉर्नवॉल सुरू होते. ३५ पौंडांचे १६-२५ रेलकार्ड घेतल्यास भाड्यात एक तृतीयांश सवलत मिळते. आपल्याकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी पंचविशी ओलांडलेली असते आणि ते हे कार्ड आपल्यासाठी नाही असे समजतात. प्रत्यक्षात पूर्णवेळ विद्यार्थ्यांना पंचविशीनंतरही विद्यापीठाच्या सहीशिक्क्याने ते मिळते. शनिवार-रविवारी रुळांची कामे निघतात आणि पारपासून गाडीऐवजी बस सोडली जाते, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पुन्हा तपासावे. आम्ही शुक्रवारी दुपारीच निघालो. शनिवारी सकाळी निघाल्यास अर्धा दिवस प्रवासात जातो.

आता मुख्य गोष्ट. आमच्यातील एक वर्गमित्र देवगडचा आहे. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही टोवन किनाऱ्याच्या वरच्या रस्त्यावर उभे होतो आणि समोर वाळूचे एवढे मोठे मैदान पसरले होते की लाटा कुठे आहेत ते शोधावे लागत होते. तेव्हा त्याने कोकणातले गणित मांडले: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्या हिशेबाने भर भरती हवी होती आणि समोर तर पूर्ण ओहोटी होती. गणित चुकले असे आम्ही म्हटले, पण तो अडला नाही. चंद्र तोच आहे, फक्त इथला किनारा त्याला वेगळ्या तासाला उत्तर देतो, असे त्याचे म्हणणे होते आणि ते बरोबर निघाले. न्यूक्वेला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते आणि ओहोटी दुपारच्या आधी लागते. मुंबईच्या घड्याळात जेव्हा भरती, तेव्हा न्यूक्वेच्या घड्याळात जवळपास ओहोटी. इतके लक्षात ठेवले तर कॅलेंडरवरची तिथी पाहूनही तिथल्या दिवसाचा अंदाज बांधता येतो. अर्थात नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक घ्यावेच. ते गावातल्या दुकानांत स्वस्तात मिळते.

हे सांगण्याचे कारण असे की उधाणाच्या दिवशी न्यूक्वेला पाण्याची पातळी सहा मीटरहून अधिक वर-खाली होते. मुंबईच्या उधाणाच्या तुलनेत हा फरक दीडपटीहून जास्त आहे. लाट तिच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. त्यामुळे पाणी वर-खाली झाले की लाट फुटण्याची जागा आणि तऱ्हा दोन्ही बदलतात. पूर्ण ओहोटीला ती वाळूच्या उंचवट्यावर एकदम कोसळते, पूर्ण भरतीला किनाऱ्यामागच्या कड्यावर आपटून उलट फिरते, आणि मधल्या दोन-तीन तासांत लांबवर फेसाळत येते. नवशिक्याला हवे असतात ते हे मधले तास. वर्ग आरक्षित करताना बहुतेक जण आपल्या सोयीची वेळ निवडतात. त्याऐवजी मधल्या पाण्याची वेळ कोणती, हे शिकवणाऱ्यांनाच विचारावे. आमचा शनिवारचा वर्ग दुपारी दोनचा, म्हणजे चढत्या पाण्याच्या मध्यावरचा होता, आणि रविवारचा सकाळी नऊचा, उतरत्या पाण्यातला. दोन्ही वेळा सुदैवाने योग्य ठरल्या. तो आमच्या अभ्यासाचा परिणाम होता असा दावा मी करणार नाही.

किनारा निवडताना वारा पाहावा. फिस्ट्रल हा न्यूक्वेचा सर्वांत प्रसिद्ध किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. अटलांटिकवरून आलेली लाट त्यावर थेट येते, त्यामुळे तिथे जाणकारांची गर्दी असते. टोवन, ग्रेट वेस्टर्न आणि टॉलकार्न हे गावालगतचे किनारे उत्तरेकडे तोंड करून आणि टेकड्यांच्या आडोशाला आहेत. दक्षिणेचा वारा असेल तर तो इथे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो. अंदाज वाचताना केवळ लाटेची उंची पाहू नये. दोन लाटांमधले सेकंदही पाहावेत. एक मीटरची लाट आठ सेकंदांनी येत असेल तर ती खेळकर असते. तीच चौदा सेकंदांनी येत असेल तर ती फार दूरच्या वादळाची ताकद घेऊन आलेली असते आणि नवशिक्याला आडवे करते.

वेटसूट घालणे हा स्वतंत्र अध्याय आहे. सप्टेंबरमध्ये तिथले पाणी वर्षातील सर्वांत उबदार, म्हणजे सोळा-सतरा अंशांचे असते. समुद्र हवेपेक्षा उशिरा तापतो, म्हणून जूनपेक्षा सप्टेंबर बरा. तरीही कोकणातल्या पाण्याची सवय असणाऱ्याला ते बर्फासारखे वाटते. वेटसूट पाणी अडवत नाही. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर तो धरून ठेवतो आणि आपले शरीर तो थर तापवते. म्हणून तो घट्टच हवा; सैल मागून घेतला तर दर लाटेला थंड पाण्याची नवी धार पाठीवरून उतरते. चेन पाठीवर येते, पोटावर नाही. हे मी पहिला सूट उलटा चढवून, घामाघूम होऊन शिकले. चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा: चष्मा लाटेत टिकत नाही आणि लेन्स घालून समुद्रात जाणे डोळ्यांना धोक्याचे आहे. मी दोन्हींशिवाय उतरले, तेव्हा किनाऱ्यावरचे झेंडे मला नुसते रंगांचे ठिपके दिसत होते. उपयोगी पडला तो टोवनचा उभा खडक, ज्यावर एक घर आहे आणि जो झुलत्या पुलाने गावाशी जोडलेला आहे. तेवढी मोठी खूण मला चष्म्याशिवायही दिसत होती आणि ती डावीकडे-उजवीकडे सरकली की आपण वाहत चाललो आहोत हे कळत होते.

वर्गाची पहिली वीस मिनिटे कोरड्या वाळूवर गेली. बोर्ड आठ फुटी आणि मऊ फोमचा होता. लीश म्हणतात ती दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची. मागचा पाय कोणता, हे ठरवण्यासाठी शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला न सांगता पाठीमागून हलकेच ढकलले. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो तो पुढचा. माझा उजवा पडला. अशा लोकांना तिथे ‘गूफी’ म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

मी पोहायला शिकले ते मामाच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. समुद्रात पोहता येणे ही वेगळी गोष्ट आहे हे पहिल्या पाच मिनिटांत समजले. कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड घेऊन चालताना तो कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नये, कारण लाट तो सरळ छातीवर आणून आपटते. तो बाजूला, टोक लाटेकडे करून धरावा. पडताना डोके पुढे करून सूर मारू नये. पसरून, उथळ पडावे आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर ठेवावेत, कारण लीशने बांधलेला बोर्ड परत आपल्याकडेच येतो.

उभे राहण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. फेसाळ लाट मागून येऊन बोर्ड उचलते, हातांनी तीन-चार जोरदार वल्ही मारायची, छातीजवळ तळवे टेकून एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणायचे. सगळे जण आधी गुडघ्यावर येतात आणि तिथेच अडकतात. गुडघ्यावरून उठण्याची सवय लागली की ती मोडायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीपासूनच ती टाळावी. मला शनिवारी दोन तासांत एकदाही नीट उभे राहता आले नाही. रविवारी सकाळी चौथ्या प्रयत्नात मी उभी राहिले, आणि फरक एवढाच होता की पायांकडे न पाहता मी समोरच्या कड्याकडे पाहिले. माझे मत असे झाले आहे की एका दिवशी सलग चार तास शिकण्यापेक्षा दोन दिवस दोन-दोन तास शिकावे. मधली रात्र काहीतरी काम करते.

सुरक्षिततेचे नियम तिथे झेंड्यांनी सांगितले जातात. किनाऱ्यावरचे जीवरक्षक आरएनएलआय या १८२४ पासूनच्या, मुख्यतः देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेचे असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग पोहणाऱ्यांचा, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या झेंड्यांमधला भाग सर्फबोर्डांचा, आणि नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचे नाही. जीवरक्षकांचा हंगाम बहुतेक ठिकाणी सप्टेंबरअखेर संपतो, त्यामुळे हिवाळ्यात स्वस्त मिळते म्हणून एकट्याने जाणे नवशिक्यांनी टाळावे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला एक पट्टा शांत आणि गडद दिसत असेल तर तो सोपा रस्ता नव्हे. तिथून पाणी समुद्राकडे परत जाते. त्यात सापडल्यास बोर्ड सोडू नये, किनाऱ्याकडे थेट झगडू नये. पाय टेकत असतील तर चालत बाजूला यावे, नसतील तर किनाऱ्याला समांतर जावे आणि हात वर करून ओरडावे. किनाऱ्यावरून कोणी संकटात दिसले तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागावे. ओहोटीच्या उथळ वाळूत वीव्हर नावाचा लहान, विषारी काट्याचा मासा दडलेला असतो. तो टोचल्यास पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात किमान अर्धा तास ठेवतात. भाड्याने रबरी बूट मिळत असल्यास घ्यावेत. मोठ्या पावसानंतर सांडपाणी समुद्रात सोडलेले असू शकते. १९९० मध्ये याच भागात सुरू झालेल्या ‘सर्फर्स अगेन्स्ट स्यूएज’ या संस्थेच्या ॲपवर त्याची सूचना मिळते.

एवढे सगळे कळल्यावरही रविवारी दुपारी मी चूक केली. वर्ग संपल्यावर आम्ही तासावर बोर्ड घेतले आणि पिशव्या वाळूत, पाण्यापासून बऱ्याच अंतरावर ठेवल्या. साडेअकराला पूर्ण ओहोटी होती, हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक, असा हिशेब नावाडी धरतात. म्हणजे दीड ते साडेतीन या दोन तासांत निम्मी भरती येते, आणि सपाट वाळूवर तीन मीटर उंची म्हणजे कित्येक पावले. दोनच्या सुमारास मागे वळले तेव्हा माझी पिशवी तरंगत होती. फोन वाचला, टॉवेल आणि कोरडे कपडे गेले. ओहोटीला टोवनपासून टॉलकार्नपर्यंतचे किनारे एकच होतात आणि चढत्या पाण्यात कड्यांनी तुटतात. पिशवीच्या जागी माणूस अडकल्याची उदाहरणे तिथे घडतात, असे जीवरक्षकाने शांतपणे सांगितले. पिशव्या पायऱ्यांपाशीच ठेवाव्यात.

ओल्या कपड्यांत आम्ही पेस्टी खाल्ली. हा कॉर्नवॉलचा पदार्थ दिसायला मोठ्या करंजीसारखा, कडेला मुरड घातलेला असतो. पारंपरिक सारणात गोमांस असते. न खाणाऱ्यांनी चीज-कांद्याचा मागावा आणि रस्त्यात खाताना सीगल पक्ष्यांपासून जपावा. संध्याकाळी परतीच्या गाडीत फोनवर बातमी वाचली: गिरगाव चौपाटीवर भरतीमुळे लालबागच्या राजाचे विसर्जन कित्येक तास रखडले होते. देवगडच्या मित्राने तिथीच्या पाऊणपटीचे गणित पुन्हा एकदा, आता काहीशा विजयी स्वरात, सांगितले.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर दोन तासांच्या प्रत्येक वर्गाला, बोर्ड आणि वेटसूट धरून, मी ४५ पौंड दिले. हॉस्टेल निवडताना वेटसूट वाळवायची खोली आहे का, हे विचारावे. स्वतःचा सूट नसला तरी टॉवेल आणि बूट वाळवायला ती लागते. सोमवारी खांदे आणि बरगड्यांखालचे स्नायू इतके दुखतात की पुस्तकांची पिशवी उचलवत नाही, त्यामुळे लगेच परीक्षा किंवा मुलाखत ठेवू नये. पुन्हा जायचे झाले तर मी पौर्णिमा टाळून अष्टमीच्या जवळचा शनिवार निवडेन. भांगाच्या, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाण्याची चढउतार जवळपास निम्मी होते, लाट फुटण्याची जागा सावकाश बदलते आणि नवशिक्याला मधले पाणी जास्त वेळ मिळते.