रात्रीची हवा आत, दुपारची बाहेर : एसीचं बिल खाली आणताना झालेले उद्योग

आमचा फ्लॅट पुण्यात धायरीला, चौथा मजला, वर थेट गच्ची आणि बेडरूमची भिंत पश्चिमेला. म्हणजे उन्हाळ्यात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. मागच्या वर्षी एप्रिलचं लाइटबिल ४१२ युनिटचं आलं, ३०० च्या पुढे स्लॅब बदलतो आणि दर उडी मारतो, त्यामुळे आकडा बघून नवऱ्याने बिल उलटं करून फ्रिजवर ठेवलं, जणू उलटं ठेवल्याने कमी होणार होतं.

मला खटकलं ते वेगळंच. एकदा रात्री अकराला कचरा ठेवायला दार उघडलं तर बाहेर मस्त गार वारा, आणि आत आम्ही खिडक्या लावून एसी चालवतोय. बेडरूमच्या भिंतीला हात लावून बघितला तर भाकऱ्या करून झाल्यावर तवा बराच वेळ कोमट राहतो ना, अगदी तशी. दुपारभर तापलेला स्लॅब आणि भिंत रात्री आत उष्णता सोडत बसतात आणि एसी बिचारा तीच उपसत राहतो.

मग यावर्षी मार्चमध्ये दोन साधे डिजिटल थर्मामीटर आणले, एक हॉलमध्ये, एक ड्राय बाल्कनीत सावलीला. आकडे दुधाच्या हिशोबाशेजारी कॅलेंडरवर लिहायला लागले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाला बाहेर २९, आत ३३. पहाटे साडेपाचला बाहेर २१! पुण्यात मार्च-एप्रिलला हवा कोरडी आणि आभाळ मोकळं असतं, म्हणून जमीन रात्री भराभर निवते. दुपार आणि पहाट यांच्यातली ही १६-१७ डिग्रीची तफावत फुकट मिळते आणि आपण खिडक्या लावून झोपतो.

पहिला प्रयोग साफ फसला. टेबलफॅन खिडकीत ठेवून बाहेरची हवा आत फेकली, बेडरूमचं दार बंद. हवा आत येणार पण आतली जाणार कुठे? पार्किंगमधली धूळ तेवढी आली. मग १२ इंची एक्झॉस्ट फॅन ड्राय बाल्कनीच्या खिडकीत बसवून घेतला, बाहेर फेकणारा, आणि हॉल, बेडरूमच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या. रात्री बाराला घरभर गटाराचा वास! फॅनला जेवढी हवा लागत होती तेवढी वाट खिडक्यांतून मिळत नव्हती, म्हणून बाथरूमच्या नहाणीच्या जाळीतून ओढली जात होती, त्यात जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराचा वास अडवणारं, पाणी सुकलेलं. जाळीत दोन तांबे पाणी ओतलं, खिडक्या पूर्ण उघडल्या, वास गेला. आणि हो, ज्यांच्याकडे गॅस गिझर आहे त्यांनी हा फॅन चालू असताना गिझर अजिबात लावू नका, जळलेला वायू उलटा घरात ओढला जाऊ शकतो. आम्ही सकाळी आधी फॅन बंद करतो, मगच गिझर.

डासांसाठी खिडक्यांना जाळ्या होत्याच, तरी संध्याकाळी उघडायच्या नाहीत हे लवकरच कळलं. एकतर डास तेव्हाच जास्त, आणि आठ वाजता बाहेरची हवाही गरमच असते. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की उघडायचं, आमच्याकडे साधारण साडेनऊ-दहाला.

पण खरी लढाई सकाळची. माझं माहेर अकोल्याचं, तिकडे दिवस चढायच्या आत दारं-खिडक्या बंद, पडदे ओले, हे लहानपणापासून बघितलेलं. सासूबाई पक्क्या पुण्याच्या, त्यांना सकाळी नऊला खिडकी बंद म्हणजे घरात आजारी माणूस असल्यासारखं वाटतं. मी साडेसहाला बंद करायचे, त्या पूजा झाली की उघडायच्या. "अगं, कोंडल्यासारखं होतं, जरा वारा येऊ दे." बरं, वाद घालून उपयोग नव्हता, म्हणून म्हटलं, आई, आज तुम्हीच आकडे लिहा. एक दिवस उघडं ठेवलं, दुपारी तीनला आत ३५. दुसऱ्या दिवशी बंद, पडदे ओढलेले, आत ३१, बाहेर ३८. त्यानंतर मी उठायच्या आत खिडक्या बंद असतात आणि मलाच ऐकवलं जातं की काल जाड पडदा नीट ओढला नव्हतास.

एका रात्रीत फरक पडला असं मात्र नाही. भिंतीत मुरलेली उष्णता निघायला चार-पाच रात्री गेल्या. नंतर रात्रीचा एसी बंदच झाला. मी घरून काम करते त्यामुळे दुपारी दोन ते पाच लावते, २६ वर, पण आता भिंती गार असल्याने खोली पटकन थंड होते आणि कंप्रेसर मधूनमधून थांबतो, पूर्वी तो घरघरतच असायचा. एप्रिलचं बिल २६८ युनिट. फॅन रात्रभर मिळून जेमतेम अर्धा युनिट खातो.

जाऊबाईंनी डोंबिवलीत करून बघितलं, काही उपयोग झाला नाही, तिथे रात्रीही हवा दमट आणि २७-२८ च्या खाली यायला तयार नाही. अकोल्याला बाबा मे महिन्यात हसतात मला, त्यांच्याकडे पहाटेही २८. आमच्याकडेही मेच्या शेवटी ढग आले, पहाटेचा आकडा २४-२५ वर अडकला, हवा चिकट झाली. दमट हवा रात्रभर आत घेतली तर दुसऱ्या दिवशी एसीला ते पाणीही काढावं लागतं, म्हणून फॅन बंद केला. त्याआधी एका वळवाच्या रात्री गादी भिजली ती वेगळीच.

आता गच्चीला पांढरा रंग द्यायचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलाय. वर्गणीचा आकडा ऐकून खालच्या मजल्यावरचे सगळे मोबाईल बघायला लागले.