गलीनाची मेन स्ट्रीट

अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या वायव्य टोकाला गलीना हे छोटं गाव आहे. वस्ती साडेतीन हजारांच्याही आत. मेन स्ट्रीटच्या तोंडाशीच मोठाले हिरवे पूरदरवाजे लागतात. नदी चढली की ते लावून घ्यायचे, ही सोय 1951 सालची. आत शिरल्यावर रस्ता नदीच्या वळणाबरोबर वळत जातो, त्यामुळे सगळी दुकानं एका नजरेत येत नाहीत. चालत राहावं तशी एकेक दर्शनी भिंत पुढे येते.

लाल विटांच्या, एकमेकींना खेटलेल्या या इमारती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या. खाली दुकान, वर बिऱ्हाड किंवा कचेरी. एका दुकानासमोर मी बराच वेळ रेंगाळलो. तळमजल्यावर उंच काचा आणि त्यांच्यामध्ये ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब. तेवढाच भार पेलायला विटांचे खांब जाडजूड करावे लागले असते आणि उजेड अडला असता. विजेच्या आधीच्या काळात दुकानाच्या पार आतपर्यंत कापड, चामडं नीट दिसायचं ते या काचांमुळे. वर छताच्या कडेला कोरीव लाकडी टेकूंची रांग. माल विकायच्या जागेवर इतकी मेहनत घेतलेली पाहून मला फार बरं वाटलं.

पैसा आला शिशाच्या खाणींतून. गावाला नावही शिशाच्या खनिजाचंच. 1850च्या दशकात इथे आजच्यापेक्षा कितीतरी जास्त लोक होते, आगबोटी गावापर्यंत येत. मग नदी गाळाने भरली, शिशाचा धंदा बसला, रेल्वेने व्यापार दुसरीकडे नेला. डिसोटो हाउस हे 1855चं पाच मजली हॉटेल. त्याचे वरचे दोन मजले पुढे उतरवावे लागले. याच हॉटेलच्या सज्जातून 1856 साली लिंकन बोलले होते. पण या पडत्या काळानेच रस्ता वाचवला, असं माझं ठाम मत आहे. जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. 1969 साली गावाचा मोठा भाग राष्ट्रीय वारसा नोंदणीत गेला.

युलिसिस ग्रँट 1860 साली वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायला इथे आले आणि 1869 साली राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या खुणा गावात जागोजागी भेटतात. मला मात्र ओढ लागली होती ती जवळच्याच ग्रीन स्ट्रीटवरच्या दगडी पोस्टाची. जकात कचेरी म्हणून उभारलेल्या या इमारतीचं काम पाहायला सेनेका या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीतले इंजिनिअर इली पार्कर आले होते. गलीनातच त्यांची आणि ग्रँटची ओळख झाली. 1865 साली अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या अखेरीस, व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचे सेनापती जनरल ली उत्तरेचे सेनापती ग्रँट यांना शरण आले, तेव्हा शरणागतीच्या अटींची अंतिम प्रत लिहिली ती पार्कर यांनीच. गलीनाला गेलात तर मेन स्ट्रीटवरून वाट वाकडी करून हे पोस्ट जरूर बघा, आणि दाराच्या आसपासचं दगडकाम अगदी जवळून बघा.