दिवजा सर्कलवरून घरी

पणजीतल्या लॅबमध्ये माझी दुपारची पाळी रात्री साडेनऊला संपते. त्या वेळी म्हापशाला जायला बस मिळेलच याची खात्री नसते आणि रोज टॅक्सी परवडत नाही. म्हणून बाबांची मोटारसायकल चालवायला शिकायचं ठरवलं. बाबा बावीस वर्षं म्हापशाला पायलट होते, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं पोचवायचे. धंदा सोडल्यावर त्यांनी गाडी घरच्यासाठी करून घेतली आणि पुढचं पिवळं मडगार्ड काळं रंगवलं. माझ्याकडे बिनगियरच्या स्कूटरचा परवाना होता, तो या गाडीला चालत नाही. शिकाऊ परवाना काढला, महिनाभर गल्लीत गिरवलं, टेस्ट दिली आणि पास झाले. तिथवर काहीच अडचण आली नाही. अडचण आली ती सर्कलमध्ये.

मांडवी नदीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे आम्हाला जुन्या मांडवी पुलावरूनच ये-जा करावी लागते आणि पणजीच्या टोकाला दिवजा सर्कल येतं. रायबंदरहून येणाऱ्या गाड्या, कदंब म्हणजे गोव्याच्या सरकारी बसस्टँडच्या बस, पाटोकडून बाहेर पडणारी ऑफिसची गर्दी, हे सगळं तिथे एका वेळी येऊन मिळतं.

जुलैचा दुसरा आठवडा होता. पाऊस थांबला होता, पण रस्ता ओला होता. मी सर्कलमध्ये शिरले आणि माझ्यापुढे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, म्हणजे भाड्याची, स्कूटर होती. मागे बसलेल्या मुलीने फोनवर नकाशा बघून काहीतरी सांगितलं आणि चालवणाऱ्याने वळणाच्या ऐन मधोमध गाडी थांबवली. माझं हँडल वळलेलं, चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर, आणि मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचं चाक असं घसरून गेलं की मी पडते आहे हे कळलं तेव्हा मी खाली होते. मागच्या कदंब बसच्या ड्रायव्हरने बस जागच्या जागी आडवी उभी केली, म्हणून मी आज हे लिहिते आहे. स्टँडजवळचे दोन पायलट धावत आले, एकाने गाडी उचलली, दुसऱ्याने मला फुटपाथवर बसवलं. गुडघा सोलवटला, आरसा फुटला. हेल्मेटला एक ओरखडा पडला, तो अजून तसाच आहे.

त्यानंतर आठ दिवस मी गाडीला हात लावला नाही. शटल बस पकडायची आणि रात्री स्टँडवर ताटकळायचं. बाबा रागावले नाहीत, त्यांनी मला धीरही दिला नाही. रविवारी सकाळी साडेसहाला उठवून म्हणाले, "बाय, चल. गाडी चालवायची नाही, नुसतं बसायचं."

आम्ही दिवजा सर्कलच्या फुटपाथवर बसलो. बाबांनी सांगितलं, येणारी प्रत्येक गाडी कुठे बाहेर पडणार ते आधी बोलायचं. मी इंडिकेटर बघून सांगू लागले. वीसपैकी नऊ बरोबर आल्या. उजवा इंडिकेटर लावून सरळ जाणारे होते, डावा लावून पूर्ण फेरी मारणारे होते आणि काहीच न लावणारे तर निम्मे होते. मग बाबा म्हणाले, "इंडिकेटर माणूस विसरतो. चाक खोटं बोलत नाही. पुढचं चाक बघ."

खरोखर, गाडी वळण्याच्या आधी पुढचं चाक वळतं. कारचं टायर आतल्या बाजूला किती दिसतंय, एवढ्यावरून ती सर्कलला धरून राहणार की बाहेर सुटणार हे क्षणभर आधी कळतं. स्कूटरवाल्याचं डोकं आणि खांदा बघायचा. डोकं डावीकडे फिरलं की स्कूटर फिरणारच. टॅक्सीवाल्याची नजर फुटपाथवर असेल तर तो भाडं शोधतोय, कुठेही थांबेल. तासाभराने मी पुन्हा मोजलं तेव्हा वीसपैकी सोळा बरोबर आल्या. उरलेल्या चारांसाठी अंतर ठेवायचं.

पुढचे तीन रविवार आम्ही पहाटे गेलो, गर्दी नसताना. मी चालवायची, बाबा कडेला उभे. तेव्हा मला माझी चूक नीट समजली. वेग सर्कलच्या बाहेरच कमी करायचा असतो, आत नाही. गाडी सरळ उभी असताना टायर सगळी पकड ब्रेकला देऊ शकतं. गाडी कलली की तीच पकड वळायला आणि थांबायला वाटून द्यावी लागते आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर मुळात ती उरतच नाही. म्हणून तोंडाशीच दोन्ही ब्रेकने वेग उतरवायचा, दुसरा गियर टाकायचा आणि आत शिरल्यावर ॲक्सिलरेटर एकसारखा धरायचा. आत कमी करावं लागलंच तर मागचा ब्रेक हलका, तोही गाडी शक्य तितकी सरळ करून. आमच्या गाडीला एबीएस नाही, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, आणि दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारं सीबीएसही नाही. नव्या दुचाकींना त्यातलं एक सक्तीचं झालं २०१८-१९ मध्ये आणि ही २०१४ ची आहे. दिवाही आपोआप लागत नाही, त्याला बटण आहे. मी किल्ली फिरवली की आधी ते दाबते, भर दुपारीसुद्धा.

बसचा धडा मात्र वेगळा. सर्कल आपल्या उजव्या हाताला असतं. लांब बस उजवीकडे वळत फिरते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आत सर्कलकडे सरकतात. बस आणि दगडी कठडा यांच्यामधली मोकळी जागा दिसते तेव्हा ती मोकळी असते, पण दोन सेकंदांनी ती जागाच नसते. डाव्या बाजूलाही तीच गत. बस बाहेर पडायला डावीकडे वळली की मागची चाकं डावीकडे घासत येतात आणि ड्रायव्हरला आरशात आपण दिसत नाही. त्यामुळे बसच्या बाजूला कधीच राहायचं नाही. एकतर पूर्ण मागे, इतकं की तिचे दोन्ही आरसे दिसले पाहिजेत, नाहीतर तिला जाऊ द्यायचं.

बाबांशी माझा एक मतभेद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. ते म्हणतात, शंका आली की थांब. मला वाटतं, थांबायचं ते सर्कलच्या तोंडाशी. आत थांबलं की मागच्याला आपण तसेच दिसतो, जशी मला ती स्कूटर दिसली. आत असताना वेग कमी करावा, पण चालत राहावं. २०१७ च्या मोटार वाहन चालनाच्या केंद्रीय नियमांतही हाच क्रम आहे. सर्कलमध्ये आधीपासून फिरणाऱ्या गाडीला पहिला हक्क आणि शिरणाऱ्याने वाट द्यायची. आपल्याकडे बऱ्याच जणांना उलटंच माहीत असतं. डावीकडच्या रस्त्यावरून ते थेट नाक घुसवतात. तेव्हा मी हक्क सांगत बसत नाही, पण कोपऱ्यालाही लपत नाही. माझ्या लेनच्या मधोमध राहते. कडेला चिकटलेल्या दुचाकीला लोक नसल्यासारखं धरतात आणि तिच्या शेजारी कार सरकवतात.

काळ्या पाटीच्या गाड्यांविषयी मला राग नाही. ती माणसं पाहुणी आहेत, रस्ता ओळखीचा नाही, सोबत्याला शोधत मागे वळून बघतात. ज्यांनी किल्ली दिली त्यांनी दोन मिनिटं सर्कल कसं पार करायचं ते सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता अशी स्कूटर पुढे दिसली की मी तीन गाड्यांचं अंतर सोडते आणि ती कुठेही थांबेल असं धरूनच चालते.

गाडी पुन्हा रोजची झाली ती ऑगस्टमध्ये. पहिले चार दिवस हेल्मेटच्या आत मी मोठ्याने बोलत होते: "वेग, गियर, उजवीकडे बघ, चाक बघ." पाचव्या दिवशी बोलायची गरज पडली नाही.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी बाबा पणजीत होते. माझी पाळी सुटल्यावर ते मागे बसले. कुणीतरी दिलेलं माटोळीचं, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या सजावटीचं, सामान त्यांच्याकडे होतं: सुपारीचं शिपटं म्हणजे घोस, नारळाची पेंड, दोन मावळिंगं (महाळुंगं). तशा रात्री प्रत्येक दुचाकीवर काहीतरी लटकलेलं असतं, केळ्यांचे घड डावीकडे हातभर बाहेर आलेले, त्यामुळे शेजारून जायची जागा समजून घेणंही अवघड. मी तोंडाशी थांबले, उजवीकडून दोन बस जाऊ दिल्या, शिरले. पुलाकडे सुटायच्या वेळेला डावीकडून एक टेम्पो शेजारी घुसला. जुलैमधल्या मला तिथे ब्रेक दाबावा लागला असता. मी वेग बदलला नाही, पुलाचा रस्ता सोडून दिला आणि आणखी एक पूर्ण फेरी मारली.

दुसऱ्या फेरीत पुलाच्या आधीचा रस्ता मागे पडला तसा मी डावा इंडिकेटर लावला. बाबा मागून काही बोलले नाहीत. फक्त डाव्या बाजूला लोंबणारं सुपारीचं शिपटं त्यांनी उचलून उजव्या हातात घेतलं, मागच्याला इंडिकेटर दिसावा म्हणून.